भूमिकाखेळ आणि अद्भुत कादंबरी : एका वाचनानंदाचे स्वरूप

पाश्चात्त्य अद्भुत कादंबरीच्या चर्चेत लेखक आणि संहिता यांचा विचार पुष्कळ होतो. तिचा छांदिष्ट वाचक मात्र बहुधा उपेक्षित राहतो. हा वाचक कादंबरी वाचून संपवतो, पण तिच्यातील जग सोडायला तयार नसतो. चार मित्र जमवून, टेबलाभोवती बसून तो त्या जगात पुन्हा शिरतो. या शिरकावाला नियमबद्ध रूप मिळाले ते १९७४ साली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ त्या वर्षी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून प्रसिद्ध झाला. तीन पुस्तिकांचा एक संच, एवढेच त्याचे मूळ स्वरूप; पहिल्या मुद्रणाच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या.

या खेळाचे कूळ युद्धखेळांचे आहे. मध्ययुगीन लढाया टेबलावर लढण्यासाठी गायगॅक्सने जेफ पेरेन यांच्यासह केलेल्या ‘चेनमेल’ (१९७१) या नियमपुस्तिकेला ड्रॅगन व मांत्रिक यांची एक पुरवणी जोडलेली होती. आर्नेसनने आपल्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात सैन्याच्या जागी एकेक व्यक्ती आणली. एका खेळाडूकडे एक पात्र, आणि ते पात्र एका बैठकीतून पुढच्या बैठकीत जिवंत राहणारे, हा बदल दिसायला लहान असला तरी युद्धखेळाचे कथेत रूपांतर झाले ते त्यामुळेच. एक जण सूत्रधार होतो व प्रसंगाचे वर्णन करतो. बाकीचे आपापले पात्र काय करील ते सांगतात. यशापयशाबद्दल शंका असेल तेथे वीस बाजूंच्या किंवा अन्य आकाराच्या फाशांचे दान निर्णय देते. पट मांडलाच पाहिजे असे नाही. कथा मुख्यतः बोलण्यातच घडते.

हा खेळ वाचनातून कसा घडला याचा उत्तम पुरावा गायगॅक्सनेच ठेवला आहे. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या सूत्रधारासाठीच्या मार्गदर्शिकेला त्याने एक वाचनयादी जोडली. ‘परिशिष्ट एन’ या नावाने ती ओळखली जाते. रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स, लव्हक्राफ्ट, मेरिट, डी कॅम्प व प्रॅट यांचा प्रभाव तो विशेष निकटचा मानतो. यांपैकी बरेच लेखक स्वस्त मासिकांत लिहिणारे होते. विद्यापीठीय अभ्यासक्रमाने त्यांची दखल फारशी घेतलेली नव्हती. तेव्हा ही यादी म्हणजे एका रसिक वाचकाने उभारलेली पर्यायी परंपराच म्हणावी लागेल.

व्हान्सचे उदाहरण पाहावे. ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या त्याच्या पुस्तकात मंत्र हा प्रयत्नपूर्वक मनात साठवावा लागतो आणि एकदा उच्चारला की स्मृतीतून पुसला जातो. कसलेल्या मांत्रिकाच्या मनातही मोजकेच मंत्र मावतात. अधिक सामर्थ्याचे असतील तर चार, कमी सामर्थ्याचे असतील तर सहा. व्हान्सच्या लेखनात ही कल्पना मरणासन्न पृथ्वीवरील ज्ञानाच्या क्षयाशी निगडित आहे : विद्या शिल्लक आहे, पण ती धरून ठेवण्याची माणसाची ताकद संपत आली आहे. गायगॅक्सने तीच कल्पना उचलून तिचा हिशेबी नियम केला. दिवसाच्या आरंभी मांत्रिकाने कोणते मंत्र निवडावेत, हा खेळाडूपुढचा रोजचा पेच झाला. काव्यात्म आशय गळाला आणि त्या जागी निवडीचा ताण आला. याला केवळ ऱ्हास म्हणणे सोपे आहे. परंतु वाचकाने जे दुरून अनुभवले होते ते खेळाडूला स्वतः सोसावे लागते, हेही विसरता येत नाही. (‘व्हेक्ना’ हे खेळातील एका दुष्ट मांत्रिकाचे नाव व्हान्सच्या नावातील अक्षरे उलटसुलट करून बनवलेले आहे, ऋण मान्य करण्याची ही रीत मिस्किल खरीच.)

पॉल अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ (१९६१) या कादंबरीतून तोडलेले अवयव पुन्हा जुळणारा राक्षस आणि सुव्यवस्था व अनागोंदी यांचे वैर खेळात आले. टॉल्किनचे ऋण गायगॅक्स कमी लेखत असे. मात्र आरंभीच्या आवृत्त्यांतील ‘हॉबिट’ हा शब्द हक्कधारकांच्या आक्षेपानंतर गाळून ‘हाफलिंग’ करावा लागला, यावरून त्या ऋणाची कल्पना येते.

टॉल्किनचा खरा उपयोग येथे वेगळ्या कारणाने होतो. परीकथांविषयीच्या १९३९ च्या व्याख्यानात त्याने लेखकाला दुय्यम विश्वाचा निर्माता मानले आणि नाटक हे माध्यम अद्भुताला प्रतिकूल असल्याचे मत मांडले. रंगमंचावर दाखवलेला ड्रॅगन कापडाचाच दिसतो. शब्दांतला तसा दिसत नाही. भूमिकाखेळ वरकरणी नाटकासारखा भासतो, तरी त्यात काहीच दाखवले जात नाही, सर्व काही सांगितले जाते. म्हणून टॉल्किनचा आक्षेप त्याला लागू होत नाही. या अर्थाने हा खेळ नाट्याहून कथनाला जवळचा आहे. फरक इतकाच की श्रोता मध्येच बोलू शकतो.

खेळाडू कल्पित व वास्तव यांतील भेद विसरतो, असा आरोप १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत जोराने झाला. रोना जाफ यांची ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ (१९८१) ही कादंबरी याच भीतीवर उभी आहे. प्रत्यक्ष बैठकीत मात्र पात्राच्या तोंडून गंभीर प्रतिज्ञा करणारा खेळाडू पुढच्याच क्षणी फासा कोठे घरंगळला ते विचारतो. तन्मयता आणि तटस्थता यांचे असे सहअस्तित्व रसचर्चेच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये. लौकिक भय आणि भयानक रस यांत अभिनवगुप्ताने केलेला भेद येथे सहज आठवतो.

पुढे प्रवाह उलटा वाहू लागला. मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांची ‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’ (१९८४) ही कादंबरी खेळातूनच जन्मली. तिच्यातील रेस्टलिन या मांत्रिकाचा कुजबुजता आवाज एका खेळाडूने चाचणीच्या बैठकीत आयत्या वेळी काढलेल्या आवाजावरून घेतला आहे. जपानमध्ये तर १९८६ पासून ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ या खेळाच्या बैठकींचे संवादरूप वृत्तांतच ‘कॉम्पटिक’ या मासिकात क्रमशः छापले गेले. तेथे खेळाडूंची थट्टा आणि फाशांचे दान कथेच्या बरोबरीने येते. डीडलिट ही त्यातील लोकप्रिय एल्फ तरुणी हिरोशी यामामोतो या पुरुष लेखकाने खेळली होती. सूत्रधार र्यो मिझुनो याने १९८८ मध्ये तीच कथा कादंबरीरूपात लिहिली, तेव्हा फासे अर्थातच नाहीसे झाले. वृत्तांत वाचणाऱ्याला ठाऊक असते की एखादा वार चुकला तो लेखकाच्या इच्छेने नव्हे, आणि तो चुकू नये असे टेबलाभोवतीच्या सर्वांनाच वाटत होते. कादंबरीच्या वाचकाला तोच वार कथानकाची गरज म्हणून स्वीकारावा लागतो.