दिवाणखान्यातील चित्रगृह-संगणक

मद्रास दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण १५ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले. त्यानंतरच्या अर्धशतकात शहरातील मध्यमवर्गीय घरांत व्हिडिओ, केबल, तबकडी-यंत्र आणि इंटरनेट ही साधने एकामागून एक आली. प्रत्येक वेळी नवी पेटी आली; जुनी पेटी, तिच्यासाठी जमवलेल्या फिती व तबकड्या यांच्यासह, अडगळीत गेली. या सर्व साधनांचे काम एकत्र करणारा लहानसा संगणक दूरचित्रवाणी संचाला जोडता येतो. त्यालाच चित्रगृह-संगणक म्हणतात. बेताच्या खर्चात तो कसा उभारता येतो, हे चेन्नईतील वेस्ट मांबलमच्या उदाहरणावरून पाहणे सोयीचे ठरेल.

वेस्ट मांबलम ही मांबलम रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेची जुनी, दाट वस्ती होय. रुळांपलीकडे त्यागरायनगरची बाजारपेठ आहे, तर उत्तरेस तमिळ चित्रपटसृष्टीला आपले नाव देणारे कोडंबाक्कम. येथील उन्हाळा कडक व दमट असतो. दिवाणखान्यातच कोणी अभ्यास करतो, कोणी झोपतो. अशा घरात यंत्राकडून तीन अपेक्षा असतात : चित्र अडखळू नये, पंख्याची घरघर होऊ नये आणि वृद्ध माणसांनाही ते सहज चालवता यावे. यांपैकी कोणत्याही अपेक्षेसाठी अतिशय शक्तिमान संगणक लागत नाही.

त्याचे कारण चित्रपट साठवण्याच्या पद्धतीत आहे. आजच्या सर्वसाधारण पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस तीन बाइट आणि सेकंदाला २४ चित्रे धरली, तर एका सेकंदात सुमारे १५ कोटी बाइट लागतील. अडीच तासांच्या चित्रपटास सुमारे १,३४० गिगाबाइट जागा लागेल. प्रत्यक्षात तो चित्रपट बहुधा दहा गिगाबाइटांच्या आत मावतो, कारण एका चित्रातून दुसऱ्यात जे बदलते तेच मुख्यतः नोंदले जाते. ही आकुंचित नोंद पुन्हा उलगडणे हेच चित्रगृह-संगणकाचे प्रमुख कार्य होय.

उलगडण्याचे हे काम सर्वसाधारण गणनाशक्तीने केल्यास यंत्र तापते. परंतु त्यासाठी स्वतंत्र परिपथ असल्यास अल्प विजेवर ते सहज पार पडते. आकुंचनाच्या पद्धती मात्र बदलत गेल्या : एच.२६४ ही २००३ मध्ये, एचईव्हीसी २०१३ मध्ये आणि एव्ही१ २०१८ मध्ये आली. म्हणून जुना संगणक घेताना त्याचा वेग विचारण्याआधी त्यात कोणत्या पद्धतीचा परिपथ आहे, हे विचारावे. इंटेलच्या सातव्या पिढीतील कोअर संगणकांत एचईव्हीसीची, दहा-बिट प्रकारासह, सोय आहे. एव्ही१ची सोय अकराव्या पिढीपासून आढळते.

कार्यालयांतून निवृत्त झालेले, पुस्तकाएवढे छोटे संगणक या कामास उत्तम. चेन्नईत अण्णा सालैलगतची रिची स्ट्रीट ही अशा मालाची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. आठ गिगाबाइट स्मृती, प्रणालीसाठी लहान एसएसडी आणि संग्रहासाठी मोठी हार्ड डिस्क पुरेशी होते. यंत्र चालवून पाहावे, धूळ काढावी आणि उष्णतावाहक लेप नवा लावावा. संचाखालच्या बंद कपाटात ते ठेवू नये. चारही बाजूंनी हवा खेळती राहावी. डिसेंबर २०१५ च्या पुरात चेन्नईतील असंख्य घरांत पाणी शिरले होते. तळमजल्यावर यंत्र उंच फळीवर ठेवणेच इष्ट.

विजेचा हिशेबही बोलका आहे. तमिळनाडूत घरगुती वीजबिल दोन महिन्यांचे असते. रोज चार तास चालणारा २० वॅटचा संगणक साठ दिवसांत ४.८ युनिटे घेतो. १५० वॅटचा ३६ युनिटे.

प्रणाली म्हणून लिनक्स व कोडी विनामूल्य मिळतात. कोडीचा आरंभ २००२ मध्ये एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी झाला. हे नाव २०१४ मध्ये मिळाले. तिची अक्षरे दहा फुटांवरूनही वाचता येतात. योग्य जोडणी असल्यास संचाचाच रिमोट तिला चालतो. एक मर्यादा ध्यानात ठेवावी : वर्गणी घेणाऱ्या अनेक चित्रपटसेवा नक्कलप्रतिबंधामुळे लिनक्सवर कमी स्पष्टतेचे चित्र देतात. केवळ त्याच सेवा पाहणाऱ्या कुटुंबास संचाला लावायची छोटी कांडी अधिक स्वस्त पडेल.

वाचलेला पैसा ध्वनीवर खर्चावा. पातळ संचांतील ध्वनिवर्धक लहान असल्याने संवाद अस्पष्ट ऐकू येतात. जुना ॲम्प्लिफायर व दोन बरे ध्वनिवर्धक, श्रोत्यापासून समान अंतरावर मांडले, तरी मोठा फरक पडतो.

या यंत्राचा खरा उपयोग मात्र वेगळाच आहे. अनेक घरांत लग्नाच्या व्हिडिओ फिती आणि मार्गळी महिन्यातील मैफलींच्या कॅसेटी पडून आहेत. दमट हवेत त्यांवर बुरशी धरते, चुंबकीय लेप झिजतो, आणि त्या वाजवणारी यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत. कोणतीही चित्रपटसेवा आजीचा आवाज परत देऊ शकणार नाही. म्हणून यंत्र उभारल्यावर प्रथम या फितींचे अंकीय रूपांतर करावे. त्याची एक प्रत घरातील डिस्कवर आणि दुसरी एखाद्या नातलगाच्या घरी ठेवावी. नव्या चित्रपटांचा संग्रह त्यानंतर केला तरी चालेल.