पितळेचा हंडा, डिझेलची गाडी

गेल्या महिला दिनाला आमच्या भंडारदऱ्याकडे बचत गटाच्या बायकांची हंड्याची शर्यत ठेवली होती. बक्षीस कुकर, आणि पंच मी! पहिली आली तिच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा हंडा, दुसरीच्या डोक्यावर पितळेचा. पाणी दोघींचं सारखंच. दुसरी तिथेच कडाडली, "ताई, माझा रिकामा हंडाच हिच्यापेक्षा जड. ही कसली बरोबरी?" दोघींचं बोलणं बंद झालं. एक तर हप्त्याच्या बैठकीलाही येईना.

तेव्हा पुण्याहून माझा भाचा आला होता. त्याला मोटारींच्या शर्यतीचं भारी वेड. म्हणाला, "आत्या, आमच्याकडेही हेच भांडण आहे."

हौशी शर्यतीत जो तो आपली गाडी घेऊन उतरतो. हलकी गाडी वेग पटकन घेते, म्हणून कमीत कमी वजन ठरवून देतात. शर्यत संपली की गाडी काट्यावर चढते, कमी भरली तर बाद. हलक्या गाडीत शिसं ठेवून वजन भरून काढतात. इथवर सोपं आहे हो. पण इंधनं वेगळी आली की पंचाची पंचाईत होते.

सीएनजीची टाकी जड. त्याच छोट्या गाडीचं वजन तिच्यामुळे ऐंशी-नव्वद किलोनं वाढतं, वर ताकदही कमी. हा झाला पितळेचा हंडा! विजेच्या गाडीला बॅटरीचं ओझं त्याहून जास्त, पण पाय दाबला की ती लगेच ओढ घेते. मग तिला सूट द्यायची की नाही?

डिझेलचं इंजिनही जड असतं. पण 2006 साली फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत ऑडीच्या डिझेल गाडीनं जिंकली. डिझेल गाडी तिथे पहिल्यांदाच जिंकली होती. एका टाकीत ती जास्त अंतर जाते, म्हणून 2007 साली डिझेलवाल्यांची टाकी 90 लिटरवरून 81 लिटरवर आणली. म्हणजे नुसत्या काट्यानं न्याय होत नाही, हे त्या मोठ्या लोकांनाही कळलं होतं.

आणि इथेनॉल तर आपल्या घरचंच. आमच्या धरणातून प्रवरेला सुटलेल्या पाण्यावर खाली ऊस पिकतो, त्याच्या मळीपासून इथेनॉल होतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं शक्ती कमी, म्हणून जास्त भरावं लागतं. पण त्यावर इंजिन जास्त दाबानं चालवता येतं, म्हणून शर्यतीत ताकद उलट वाढते. आता कोणाला किती किलो सूट?

मला विचाराल तर गाड्या पुरेशा असतील तेव्हा इंधनागणिक गट वेगळे करावेत. चार-पाचच आल्या तर वजनाचा नियम ठेवावा, पण आधी गाड्या पळवून बघून आणि आधीच जाहीर करून. निकाल लागल्यावर नियम शोधायला बसलं की माझ्यासारखी गत होते.

मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशननं बायकांसाठी घेतलेल्या ‘रॅली टू द व्हॅली’मध्ये हा प्रश्नच नव्हता. तिथे ठरलेल्या वेळेला पोचायचं. उशीर झाला तरी गुण जातात, लवकर पोचलं तरी जातात. गाडी कशावर चालते, कोण विचारतो?

दुसरा कुकर मी घरखर्चातून आणला. यंदा किराणा दुकानातला काटा आणून पाण्यासकट हंडा तोलायचा, असं बैठकीत ठरलं. दोघीही आल्या होत्या. तेवढ्यात मागून एक आजी म्हणाली, "आणि माझ्या गुडघ्यांचं वजन गं कोण करणार?"