विश्लेषण : बदकांसाठी लाकडी घरटे... पण चुकले तर सापळा? नेमके कसे बनवायचे?

घरटे म्हटले की काड्या-गवताची वाटी डोळ्यांसमोर येते. पाणथळीतली काही बदके मात्र झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. अडचण अशी की, सुतार पक्ष्यासारखी ढोली त्यांना कोरता येत नाही. जुने झाड तुटले की घर गेले.

उत्तर अमेरिकेतील ‘वूड डक’ या रंगीत बदकावर हीच वेळ आली होती. शिकार, जंगलतोड आणि दलदली बुजवणे यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते दुर्मीळ झाले. १९१८च्या कायद्याने संरक्षण मिळाले, पण ढोली कुठून आणायची? १९३७ मध्ये इलिनॉय राज्यातील चौटाकुआ अभयारण्यात लाकडी पेट्या बसवण्यात आल्या. मादी त्यात अंडी घालू लागली. मात्र पेटीचा पत्ता रॅकूनलाही लागला. हा प्राणी झाडावर चढण्यात आणि पंजा आत घालण्यात पटाईत. पुढची अनेक वर्षे सुधारणा झाली ती मुख्यतः त्याला रोखण्यासाठी.

पेटी कशी असते?

तळ साधारण १२ इंच बाय १२ इंच, उंची २४ इंच. फळी इंचभर जाडीची, शक्यतो सीडरची. रंधा न मारलेली आणि आतून रंग न दिलेली. प्रवेशाचे भोक गोल नव्हे, लंबगोल : ४ इंच रुंद, ३ इंच उंच. बदक आरामात जाते, मोठा रॅकून अडतो. एका इंचाचा हा हिशेब कोणत्याही यंत्राच्या आराखड्यात शोभावा असा आहे.

तळाला पाणी निथळण्यासाठी बारीक भोके, छपराला उतार आणि साफसफाईसाठी बाजूला बिजागरीचे दार. बदक बाहेरून काडी-कचरा आणत नाही, फक्त स्वतःची मऊ पिसे अंथरते. म्हणून आत तीन-चार इंच रंध्याचे छिलके घालतात. बारीक भुसा चालत नाही, तो ओल धरतो.

सर्वात जास्त विसरली जाते ती आतली शिडी. पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण दिवसभरातच घरटे सोडतात. खालून आई हाक मारते, पिल्ले नखांनी भिंत चढून भोकापर्यंत येतात आणि थेट उडी मारतात. आतली फळी गुळगुळीत असेल तर ती चढूच शकत नाहीत आणि पेटीतच मरतात. भोकाखाली जाळीची पट्टी ठोकली किंवा फळीवर आडव्या खाचा पाडल्या, की प्रश्न मिटतो. काम दहा मिनिटांचे!

झाडावर का नको?

सोपे वाटते म्हणून पेटी झाडाला ठोकली जाते. रॅकून आणि साप तिथे सहज पोहोचतात. त्यामुळे पेटी लोखंडी खांबावर बसवतात आणि तिच्या खाली उलट्या नरसाळ्यासारखा रुंद पत्रा लावतात. वरून फांदी लोंबत असेल तर पत्रा असून नसल्यासारखाच. असा अडथळा लावायचा नसेल तर पेटी न लावलेली बरी.

पेट्या जवळजवळ आणि उघड्यावर लावल्या की आणखी एक गोंधळ होतो. एक मादी आत जाताना दुसरी पाहते आणि आपलीही अंडी तिथेच घालते. एरवी दहा-बारा अंडी असतात, इथे ती तिसाच्या पुढे जातात. एका मादीला इतकी उबवता येत नाहीत, बरीच वाया जातात. पेट्या एकमेकींच्या नजरेआड ठेवणे हा त्यावरचा उपाय.

महाराष्ट्रात हेच माप चालेल?

नाही. आपल्याकडे काणूक आणि नकटा ही बदके ढोलीत घरटे करतात; अडईही अनेकदा ढोली निवडते. काणूक हे जगातील सर्वात लहान बदकांपैकी एक, तर नकटा चांगला दांडगा. ३ इंचांच्या भोकात तो मावणारच नाही. शत्रूही वेगळे : धामण, घोरपड, उदमांजर. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२नुसार पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना त्रास देणे शिकारीच्या व्याख्येत येते. त्यामुळे तलावावर पेटी बसवण्याआधी वन विभागाला विचारावे आणि विणीच्या काळात, म्हणजे मुख्यतः पावसाळ्यात, दार उघडून डोकावू नये. भंडारा-गोंदियातल्या जुन्या तलावांच्या काठी ढोलीचे वठलेले झाड उभे असेल, तर ते तसेच राहू देणे पेटीपेक्षा स्वस्त पडते. त्याला ना बिजागरी लागते, ना दरवर्षी छिलके बदलावे लागतात.