सिमकार्ड आणि इंटरनेट फोन जोडणारे गेटवे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोबाइलचे जाळे आणि इंटरनेट टेलिफोनी यांची गाठ घालून देणाऱ्या यंत्रणेला गेटवे म्हणतात. तिचे दोन भाग असतात : सिमकार्ड बसवायचा मोडेम आणि कोणता कॉल कुठे वळवायचा हे ठरवणारे सॉफ्टवेअर. अशा सॉफ्टवेअरमध्ये ॲस्टेरिस्क हे नाव सर्वांत परिचित आहे. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये अमेरिकेत त्याची सुरुवात केली आणि ते आजही मुक्त स्वरूपात मिळते. तुमसरसारख्या धानाच्या बाजारपेठेत त्याचा उपयोग सहज दिसतो. राईस मिलचे ऑफिस, गोदाम आणि धर्मकाटा एकाच आवारात असतात. तिन्ही ठिकाणी इंटरकॉमसारखे आयपी फोन ठेवायचे आणि बाहेरचे कॉल सिमवरून घ्यायचे, एवढी गरज छोट्या संगणकावरही भागते. मात्र गेटवे हा केवळ सांधा आहे. सिमला असलेल्या मर्यादा गेटवेलाही लागू होतात, आणि बहुतेक गैरसमज हे न ओळखल्यामुळे होतात.

गैरसमज : मोबाइल कॉल आणि इंटरनेट कॉल यांचे तंत्र पूर्णपणे वेगळे आहे.
वस्तुस्थिती : फोरजीवरचा व्होल्टी कॉलही डेटाच्या पाकिटांतूनच जातो आणि तो जुळवण्यासाठी ‘सिप’ याच नियमावलीचा वापर होतो. सिपची आज प्रचलित असलेली मूळ संहिता २००२ ची आहे. फरक ताब्याचा आहे : व्होल्टीचे जाळे कंपनीच्या हाती असते, तर ऑफिसातल्या सिप फोनांचे नियंत्रण ऑफिसच्या सर्व्हरकडे. गेटवे या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करतो. व्हॉट्सॲपचे कॉल मात्र त्यातून जात नाहीत, कारण ती बंदिस्त स्वतंत्र सेवा आहे.

गैरसमज : एका सिमवरून संपूर्ण ऑफिसचे कॉल एकाच वेळी चालतात.
वस्तुस्थिती : गेटवेवर एक सिम म्हणजे एका वेळी एक संभाषण. धान खरेदीच्या हंगामात चौघांना एकाच वेळी बाहेर बोलायचे असेल, तर चार मोडेम आणि चार सिम लागतात. एका व्यक्तीच्या नावावर महाराष्ट्रात जास्तीत जास्त ९ सिम घेता येतात. इंटरनेटचा वेग क्वचितच आड येतो : जी.७११ या साध्या कोडेकने एका कॉलला दर सेकंदाला ५० पाकिटे, म्हणजे प्रत्येक दिशेला सुमारे ८० किलोबिट पुरतात.

गैरसमज : जुना कोणताही इंटरनेट डोंगल गेटवे म्हणून चालतो.
वस्तुस्थिती : डोंगलमध्ये आवाजाची सोय सुरू असावी लागते. ह्युआवेच्या अनेक मोडेममध्ये ‘एटी^सीव्हॉइस?’ ही आज्ञा दिल्यावर उत्तर ० आले, तर आवाज चालू आहे असे समजायचे. त्यानंतर जाळ्याचा प्रश्न येतो. जुने डोंगल टूजी किंवा थ्रीजीवर कॉल करतात. जिओकडे ही दोन्ही जाळी नाहीत आणि एअरटेलने २०२० मध्ये थ्रीजी बंद केले. त्यामुळे जिओच्या सिमसाठी व्होल्टी चालणारा गेटवेच घ्यावा लागतो.

गैरसमज : मोबाइलवर फुल रेंज दिसते, म्हणजे गेटवेचा आवाजही स्पष्ट येणार.
वस्तुस्थिती : मोबाइल माणसाबरोबर फिरतो, गेटवे मात्र कपाटात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये पडून असतो. मोडेमला ‘एटी+सीएसक्यू’ विचारले की तो ० ते ३१ मधला आकडा देतो. ९९ म्हणजे मोजता आले नाही. त्या आकड्याची दुप्पट करून ११३ वजा केले की डीबीएममधली शक्ती मिळते : १० आले तर उणे ९३, २० आले तर उणे ७३. आकडा कमी असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये आवाज वाढवून उपयोग नाही, कारण खरखरही त्याच्याबरोबर वाढते. ॲन्टेना शेडबाहेर काढणे हाच उपाय. सिग्नल चांगला असूनही प्रतिध्वनी येत असेल, तर मात्र आवाजाची पातळी कमी करून पाहावी.

गैरसमज : फोनवर दाबलेला क्रमांक आहे तसाच पुढे पाठवला की झाले.
वस्तुस्थिती : १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. ऑफिसातल्या लोकांना तीच सवय असते. गेटवेतून निघणारा कॉल मात्र मोबाइलचा असतो, त्याला शून्य लागत नाही. उलट तुमसरमधल्याच लँडलाइनला लावायचे तर सिमवरून ०७१८३ जोडावेच लागते. हे बदल ‘डायलप्लॅन’मध्ये लिहून ठेवतात : शून्यानंतर ६ ते ९ पैकी अंकाने सुरू होणारा दहा अंकी क्रमांक आला की शून्य गाळायचे, नुसते सहा अंक आले की एसटीडी कोड लावायचा. समोरच्याला दिसणारा क्रमांक मात्र डायलप्लॅनमधून बदलत नाही. तिथे सिमचाच क्रमांक उमटतो.

गैरसमज : लहान गावातल्या यंत्राकडे कोणाचे लक्ष जाणार?
वस्तुस्थिती : हल्ला करणारे प्रोग्राम गाव पाहत नाहीत. इंटरनेटवरचे पत्ते ओळीने चाळत ते ५०६० हे सिपचे नेहमीचे पोर्ट उघडे आहे का ते पाहतात आणि १०० क्रमांकाच्या फोनला १०० हाच पासवर्ड लावून बघतात. आत शिरकाव झाला की रात्रीतून परदेशी कॉल लागतात आणि बिल सिमच्या मालकाला येते. म्हणून सर्व्हर राउटरच्या आतच ठेवावा, अनोळखी कॉल नाकारावेत, लांब पासवर्ड द्यावेत आणि डायलप्लॅनमधून दोन शून्यांनी सुरू होणारे क्रमांक वगळावेत.

गैरसमज : सिम आणि यंत्र स्वतःचे, म्हणजे कुठलाही कॉल त्यातून सोडता येतो.
वस्तुस्थिती : आवारातले फोन सिमला जोडणे हा खासगी एक्स्चेंजचाच प्रकार आहे. इतरांचे कॉल इंटरनेटवरून आणून सिममार्गे मोबाइलच्या जाळ्यात उतरवणे हा मात्र गुन्हा ठरतो. ‘सिमबॉक्स’चा धंदा असाच चालतो. देशांतर्गत कॉलवर कंपन्यांनी एकमेकींना द्यायचे शुल्क १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाले. परदेशातून येणाऱ्या कॉलवर मात्र २०२० च्या नियमानुसार मिनिटाला ३५ ते ६५ पैसे लागतात. परदेशी कॉल स्थानिक म्हणून दाखवून हे पैसे बुडवले जातात आणि कॉल करणाऱ्याचा मागही पुसला जातो. दूरसंचार कायदा, २०२३ चे कलम ४२ हे २६ जून २०२४ पासून लागू आहे. परवानगीविना दूरसंचार सेवा देणाऱ्याला किंवा जाळे उभारणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. इंटरनेटवरून थेट फोन लावण्याची मुभा परवानाधारक कंपन्यांना २०१८ मध्ये स्पष्टपणे मिळाली आणि बीएसएनएलने त्याच वर्षी ‘विंग्ज’ ही सेवा आणली. दुसऱ्या गावातली शाखा जोडायची असेल, तर अशा परवानाधारक कंपनीकडूनच सेवा घ्यावी आणि सिम देणाऱ्या कंपनीची लेखी संमती यंत्रणा सुरू करण्याआधी मिळवावी.