लहान उद्योग, मोठा समुद्र

महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि आपला जिल्हा शोधा. पूर्वी त्याचे नाव अहमदनगर होते. २०२४ पासून त्याला अहिल्यानगर म्हणतात. पश्चिमेला सह्याद्रीची रांग आहे, तिच्या पलीकडे कोकण आणि कोकणाच्या पुढे अरबी समुद्र. आपल्या जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. मग नौदलाच्या कामाशी आपला काय संबंध, असा प्रश्न तुम्हाला पडेल.

इतिहास पाहिला तर उत्तर मिळते. निजामशाहीची राजधानी नगर येथे होती, परंतु तिचे मोठे बंदर कोकणात चौल येथे होते. समुद्रापासून दूर असलेल्या राज्यालाही समुद्राची काळजी घ्यावी लागत असे. जहाज, बंदर आणि दर्या हे शब्द मराठीत आहेत आणि तुमच्या उर्दूतही आहेत. उर्दूतला 'नाखुदा' मराठीत 'नाखवा' झाला. समुद्राने माणसांना आणि भाषांना असे जोडले आहे.

परंतु समुद्राच्या वाटेने संकटही येते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत आले. त्यांनी वाटेत एक मासेमारी नौका पळवली होती. शेवटचे अंतर त्यांनी रबरी होडीतून कापले. त्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. त्यानंतर २००९ साली किनाऱ्याच्या संरक्षणाची मुख्य जबाबदारी नौदलाकडे देण्यात आली.

ही जबाबदारी सोपी नाही. किनारा लांब आहे आणि समुद्रात हजारो मासेमारी नौका असतात. मोठी युद्धनौका प्रत्येक खाडीत जाऊ शकत नाही. खलाशी रात्रंदिवस गस्त घालतात, तरी माणसाचे डोळे थकतातच. मग माणसाशिवाय गस्त घालणारी नौका तयार करता येईल का? हा प्रश्न सोडवण्याच्या कामात पुण्यातील एका लहान उद्योगाने भाग घेतला.

त्या उद्योगाचे नाव सागर डिफेन्स इंजिनिअरिंग. व्यापारी जहाजांवर काम केलेले कॅप्टन निकुंज पराशर हे त्याचे संस्थापक. पुण्यालाही समुद्र नाही, हे लक्षात घ्या. या उद्योगाने 'मातंगी' नावाची स्वयंचलित नौका तयार केली. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी तिच्या सुमारे १,५०० किलोमीटरच्या प्रवासाला निशाण दाखवले. मार्ग होता मुंबई ते तमिळनाडूतील तूतुकुडी. याच उद्योगाने 'वरुण' नावाचे माणूस वाहून नेऊ शकणारे ड्रोनही तयार केले. ते जुलै २०२२ मध्ये दिल्लीत पंतप्रधानांना दाखवण्यात आले. सुमारे १३० किलो वजन उचलून ते जवळजवळ २५ किलोमीटर जाऊ शकते. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर सामान किंवा आजारी माणूस नेण्यासाठी अशा साधनाचा उपयोग होऊ शकतो.

माणसाविना नौका कशी चालते? तिला आपली जागा उपग्रहाच्या संदेशावरून कळते. रडार आणि कॅमेरे आजूबाजूच्या वस्तू दाखवतात. संगणक ही सर्व माहिती एकत्र करतो आणि सुकाणू कोठे वळवायचे ते ठरवतो. यात रस्त्यासारखे नियमही पाळावे लागतात. दोन यांत्रिक नौकांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर जिच्या उजव्या बाजूला दुसरी नौका आहे, तिने वाट सोडायची असते. अनुभवी तांडेल हे नजरेने ओळखतो. संगणकाला मात्र ते शिकवावे लागते.

खरी अडचण पुढेच आहे. मोठी जहाजे आपले नाव, जागा आणि वेग रेडिओ संदेशाने कळवत असतात. लहान होडीकडे बहुधा असे यंत्र नसते. लाकडी किंवा रबरी होडी रडारवर अंधूक दिसते. लाटा, पाऊस आणि धुके यांमुळे ती दिसेनाशीही होते. यंत्राने ती ओळखली नाही, तर एखाद्या गरीब कोळ्याचे जाळे फाटेल, कदाचित त्याचा जीवही जाईल. म्हणून अशा नौकेची चाचणी पुन्हा पुन्हा घ्यावी लागते.

आता तुम्ही विचाराल, हे काम मोठ्या कारखान्यांनी का करू नये? मुंबईचे माझगाव डॉक मोठ्या युद्धनौका आणि पाणबुड्या बांधते. अशा कामाला अनेक वर्षे आणि हजारो हात लागतात. लहान उद्योग एकच प्रश्न हातात घेतो. त्याचे थोडेसे अभियंते एका टेबलाभोवती बसतात, चुकलेला भाग लगेच बदलतात आणि पुन्हा चाचणी घेतात. मात्र लहान उद्योगाकडे भांडवल कमी असते. दोन-तीन चाचण्या फसल्या तर त्याचे दार बंद होऊ शकते.

म्हणून शासनाने मदतीची पद्धत तयार केली. अमेरिकेत १९८२ साली लहान उद्योगांच्या संशोधनासाठी कायदा झाला. तेथे आधी कल्पना तपासण्यासाठी थोडे पैसे मिळतात. कल्पना टिकली तर नमुना बनवण्यासाठी अधिक पैसे मिळतात. भारतात २०१८ साली 'आयडेक्स' ही योजना सुरू झाली. सेनादले आपली अडचण जाहीर करतात आणि उद्योग तिच्यावर उपाय सुचवतात. निवड झालेल्या उद्योगाला दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळते. ते एकदम न देता कामाच्या टप्प्यांप्रमाणे देतात. उद्योगालाही आपला वाटा उचलावा लागतो. नंतर अधिक मोठ्या कामांसाठी दहा कोटी आणि पंचवीस कोटी रुपयांपर्यंतच्या योजनाही आल्या. ऑगस्ट २०२० मध्ये नौदलाने नव्या कल्पनांसाठी स्वतंत्र संघटना उभारली.

तरीही एक अवघड टप्पा उरतो. नमुना यशस्वी झाला म्हणजे मागणी आली असे नव्हे. नौदलाला सावध राहावे लागते, कारण खोल समुद्रात बिघडलेले यंत्र खलाशांच्या जिवावर बेतू शकते. उद्योगाला मात्र दर महिन्याला कामगारांचा पगार द्यावा लागतो. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. अमेरिकेतही या तिसऱ्या टप्प्यासाठी त्या योजनेतून पैसे मिळत नाहीत. यासाठी भारताच्या २०२० च्या संरक्षण खरेदी पद्धतीत आयडेक्समधून तयार झालेल्या वस्तू विकत घेण्याचा मार्ग ठेवला आहे. चाचणी आणि खरेदी यांमधील काळ जितका कमी होईल, तितके लहान उद्योग टिकतील. ते टिकले नाहीत, तर त्यांनी मिळवलेले ज्ञानही त्यांच्याबरोबर विखुरले जाईल.

जगात काय घडत आहे, हेही पाहा. २०२२ साली रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केल्यानंतर युक्रेनने लहान मानवरहित नौकांनी रशियाच्या मोठ्या युद्धनौकांचे नुकसान केले. त्यामुळे अशा नौका बनवणे जितके आवश्यक, तितकेच त्यांना रोखण्याचे उपाय शोधणेही आवश्यक झाले आहे.

आपल्या जिल्ह्यातही संशोधन आणि कारागिरी यांची परंपरा आहे. नगरजवळ वाहननगर येथे सैन्याच्या वाहनांवर संशोधन करणारी संस्था आहे. नागापूरच्या एमआयडीसीत अनेक कारखाने आहेत. जो लेथवर सुताच्याही अंशापर्यंत अचूक काम करतो, त्याच्या हातचा भाग ट्रॅक्टरलाही लागू शकतो आणि नौकेलाही. फरक एवढाच की समुद्रातल्या भागाला खाऱ्या पाण्याशी लढावे लागते.

हा फरक तुम्ही घरीच पाहू शकता. दोन पेल्यांत पाणी घ्या. एकात दोन चमचे मीठ विरघळवा. प्रत्येकात एक लोखंडी खिळा अर्धा बुडेल असा उभा ठेवा आणि आठवडाभर रोज निरीक्षण लिहा. कोणत्या खिळ्याला आधी गंज चढला? गंज कोठे जास्त दिसतो, पाण्याच्या आत की पाण्याच्या काठावर? मग एका खिळ्याला तेल, दुसऱ्याला रंग लावून प्रयोग पुन्हा करा. प्रश्न नीट विचारणे, चाचणी घेणे आणि फसल्यास कारण शोधणे, यालाच संशोधन म्हणतात. त्यासाठी समुद्राकाठी राहावे लागत नाही.