पत्र्याखाली काय घालावे?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उन्हातला पत्रा त्याच्याही कितीतरी पुढे जातो. खानदेशातली जुनी धाब्याची घरे लाकूड-मातीच्या जाड थरावर उन्हाळा काढत. पत्र्याच्या शेडला तो थर विकत घ्यावा लागतो. सावदा-रावेरकडे केळी पिकवण्याच्या खोलीत १६ ते १८ अंश राखायचे, तिथे पफ पॅनलला पर्याय नाही. साध्या गोदामाला ॲल्युमिनियमची बबल शीट चालते, पण चकाकत्या बाजूला निदान इंचभर पोकळी सोडा. पत्र्याला चिकटवून बसवली तर पैसे पाण्यात. ग्लासवूल घालण्याआधी गळती बंद करा, कारण भिजलेली लोकर उष्णता अडवत नाही. एवढे परवडत नसेल, तर उन्हाळ्याआधी पत्र्यावर बाहेरून पांढरा चुना तरी मारा.