तेजाचा ताळेबंद

जिवंत पेशीतील व्यवहार डोळ्यांदेखत पाहता यावेत म्हणून हव्या त्या प्रथिनाला एक दीप्तिमान प्रथिन जोडावे, त्यावर निळा प्रकाश टाकावा आणि उमटणाऱ्या हिरव्या तेजावरून त्याचा माग काढावा, ही रीत आता जीवशास्त्राच्या अंगवळणी पडली आहे. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ साली एका जेलीफिशमध्ये नोंदलेले आणि मार्टिन चाल्फी यांनी १९९४ साली सूत्रकृमीत उजळवून दाखवलेले हिरवे प्रथिन हे या रीतीचे मूळ होय.

परंतु जो प्रकाश हे दृश्य घडवतो, तोच त्याचा घातही करतो. अकरा पट्ट्यांच्या नळकांड्यासारख्या या प्रथिनाच्या गाभ्यात, ६५ ते ६७ या क्रमांकांच्या तीन अमिनो आम्लांपासून जो रंगधारक आपोआप घडतो, तो शोषलेली ऊर्जा बहुधा प्रकाशरूपाने परत करतो. पण क्वचित तो उद्दीपित अवस्थेत रेंगाळतो, ऑक्सिजनशी त्याची प्रक्रिया होते आणि तो कायमचा विझतो. प्रकाश वाढवावा तर हा क्षय वेग घेतो आणि पेशीलाही इजा पोचते. घटवावा तर चित्र अंधुक येते.

यावर तोड म्हणून रॉजर चिएन यांच्या प्रयोगशाळेने २००८ साली निवडीची कसोटीच बदलली. जनुकात यदृच्छया फेरफार केलेल्या जीवाणूंच्या वसाहती प्रखर दिव्याखाली ठेवायच्या आणि ज्यांचे तेज टिकेल त्याच पुढच्या फेरीसाठी उचलायच्या, अशी ही तजवीज होती. तीतून लाभलेले नारिंगी ‘एमऑरेंज२’ मूळ प्रथिनाहून किंचित मंद, पण कितीतरी पट टिकाऊ निघाले. पुढे २०२२ साली जपानच्या रिकेन संस्थेत अत्सुशी मियावाकी व सहकाऱ्यांनी ‘सायटेइस उचिडाए’ या जेलीफिशच्या प्रथिनापासून ‘स्टेगोल्ड’ सिद्ध केले. ते प्रचलित प्रथिनांच्या दसपटीहून अधिक टिकते आणि तेजातही उणे नाही. कसूर एकच होती: त्याचे रेणू जोडीने राहत, त्यामुळे ज्या प्रथिनाला ते जोडावे त्याच्या स्वाभाविक वर्तनात व्यत्यय येण्याचे भय असे. पुढील दोन वर्षांत निरनिराळ्या गटांनी त्याची एकेरी रूपे घडवून तीही दूर केली.

तेव्हा प्रथिनाची पारख पहिल्या क्षणीच्या झळाळीवरून न करता, विझेपर्यंत त्याने एकंदर किती प्रकाश दिला यावरून करणे शहाणपणाचे. आणि हा ताळेबंद ज्याने त्याने आपल्याच सूक्ष्मदर्शकाखाली मांडावा, कारण सौम्य दिव्याखाली टिकलेले प्रथिन प्रखर लेसरखाली तितकेच टिकेल, याची हमी नसते.